आर म्हणजे राहा

"स्वल्प," परसू गाडीखालून म्हणाला.

अभिजीतला वाटलं, काहीतरी मागतोय. त्याने वाकून पाहिलं. हिरव्या गाडीखालून परसूचे दोन पाय तेवढे बाहेर आले होते, टाचांना भेगा पडलेले.

"काका, काय देऊ?"

"काही नको. पट्ट्याला म्हणालो. स्वल्प आवळायचा राहिलाय."

कानडीत स्वल्प म्हणजे थोडंसं. बंगळुरात रिक्षावाला स्वल्प सरका म्हणतो, दुकानदार स्वल्प थांबा म्हणतो, आणि त्या स्वल्पाला आगापीछा काही नसतो. परसूच्या स्वल्पाला मात्र माप होतं, आणि ते त्याच्या उजव्या मनगटात होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आत एक पोलादी पट्टा असतो. तो सैल राहिला तर गाडी नुसती ओरडते, पुढे सरकत नाही. जास्त आवळला तर जळून जातो. या दोन्हींच्या मधलं जे काही आहे ते परसूचं स्वल्प. पाना सोडून त्याने हात पुसला आणि तो फळीवरून घसरत बाहेर आला. उठताना गुडघ्याला धरून त्याने देवाचं नाव घेतलं, आणि लगेच गाडीकडे असं पाहिलं की नाव नेमकं कुणाचं घेतलं तेच कळू नये.

चामराजपेटेतली ही पत्र्याची शेड अप्पासाहेबांची. अप्पासाहेब मूळचे निपाणीचे, चिकपेटेत साड्यांचे ठोक व्यापारी. चोपन्न सालची ही अमेरिकन गाडी त्यांनी कुण्या संस्थानिकाच्या दिवाणाकडून घेतली, तेव्हा तिला क्लच नाही हे पाहून अख्खी चिकपेट हसली होती. डाव्या पायाला काम नाही म्हणजे गाडी अर्धवट, असं लोकांचं मत. मेकॅनिक तिला हात लावायला तयार होईनात. परसू तेव्हा निपाणीहून नुकताच आलेला, मिसरूड फुटलेला पोरगा. त्याने गिअरबॉक्स खोलला, आतले भाग चटईवर ओळीने मांडले, आठवडाभर त्यांच्याकडे नुसता बघत बसला आणि मग जोडला. गाडी चालली. त्या दिवसापासून गावातल्या साऱ्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्या परसूकडे येऊ लागल्या. वासरांत लंगडी गाय शहाणी, असं तो स्वतःच म्हणायचा. हळूहळू गाड्या भंगारात गेल्या, काही परगावी विकल्या गेल्या, काहींचे मालक वारले. राहिली ती ही एक. अप्पासाहेब जाऊनही आता बरेच दिवस झाले, आणि गाडी त्यांच्या नातवाकडे, म्हणजे अभिजीतकडे आली.

अभिजीत वाढला पुण्यात आणि नोकरीला आला बंगळुरात. पोरगा वाईट नव्हता. परसूला काका म्हणायचा, येताना अंबूबाईसाठी फळं आणायचा. पण गाडीवरून त्याचं मन उडालं होतं, त्यालाही कारण होतं. बहिणीच्या, सुखदाच्या लग्नात हीच गाडी फुलांनी सजवून काढली होती आणि ती ऐन कार्यालयासमोर रस्त्यात उभी राहिली. परसू तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होता. बदली ड्रायव्हरने तेल कमी दिसलं म्हणून गिअरचं तेल आणून ओतलं, जाड, काकवीसारखं. गिअरबॉक्सात गिअरचंच तेल घालायचं, यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? पण ऑटोमॅटिकला पातळ, लाल तेल लागतं. जाड तेलाने तिचा जीव गुदमरला. नवरी शालू सावरत रिक्षात बसली, आणि लोकांनी त्याचे व्हिडिओ काढले.

परसूने नंतर गिअरबॉक्स पुरता उतरवून एकेक भोक धुतलं. गाडी पूर्ववत झाली. तिच्यावर बसलेला ठपका मात्र धुवून निघाला नाही.

"काका, मी स्पष्टच सांगतो," अभिजीत म्हणाला. "बोम्मसंद्र्याच्या त्या युनिटवाल्यांशी माझं बोलणं झालंय. ते इंजिन-गिअरबॉक्स काढून इलेक्ट्रिक मोटर टाकतात. बॉडी सेम, इंटीरियर सेम. नो टेन्शन."

"इंजिन काढा," परसू म्हणाला. "इंजिनाचं मला काही न्हाई. गिअरबॉक्स कशाला काढता?"

"मोटरला गिअरबॉक्स लागत नाही ना. आणि हे अर्ली ऑटोमॅटिक्स अनरिलायेबल असतात. सगळीकडे लिहिलंय तसं."

"कुणी लिहिलंय? ज्यांनी काकवी ओतली त्यांनीच लिहिलं असणार की."

अभिजीत हसला. परसू हसला नाही. चिंधीने बोटं पुसत तो म्हणाला, "गाडी बोम्मसंद्र्यापर्यंत न्यायची हाय न्हवं? टोइंग नको. मी चालवत नेतो. रस्त्यात एकदा जरी अडखळली तर मी स्वतः काढून देतो. न्हाई अडखळली तर?"

अभिजीतचा फोन वाजत होता. नाव बघून त्याने तो कापला, घड्याळ पाहिलं, आणि म्हातारबुवांकडे पाहून गोड हसला.

"बघू," तो म्हणाला.

परसूला तेवढं पुरे झालं.

वठारातल्या, म्हणजे तिथल्या चाळीतल्या, आपल्या दोन खोल्यांत शिरता शिरताच त्याने बायकोला सांगितलं, "अंबू, बघू म्हणाला."

अंबूबाई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "बघू म्हणजे काय बघू?"

"म्हणजे गाडी सरळ गेली तर गिअरबॉक्स ठेवणार."

"असं म्हणाला?"

"बघू म्हणाला. तुझ्या बाबांना माझे मामा पण बघूच म्हणाले होते. झालंच की लगीन."

"ते निपाणीचं बघू," अंबूबाई म्हणाली. "ह्यो पुण्याचा हाय. शेडाचा पत्रा गळतोय म्हटलं, तवा काय म्हणाला? बघू. बदलला पत्रा? नळाचं सांगितलं, बघू. अहो, त्यांच्यात न्हाई म्हणायला लाज वाटली की बघू म्हणत्यात."

परसू जेवायला बसला. अंबूबाईचं म्हणणं त्याला कळत नव्हतं असं नाही. पण निपाणीकडे नाही म्हणायचं असलं की माणूस तोंडावर नाही म्हणतो, वर चहा पाजून पाठवतो. बघू म्हणाला म्हणजे तो रात्री अंथरुणावर पडून खरोखर त्याचा विचार करतो. साठ-पासष्ट वर्षं हाच अर्थ कानात बसलेला. तो आता या वयात कुठून बदलायचा, आणि बदलून धरायचं तरी काय?

"तुम्ही उगाच जीव टांगू नका," अंबूबाई जरा नरमून म्हणाली, आणि तिने त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. "गाडी ती गाडीच."

पण तसं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. गाडीच्या स्टीअरिंगखाली दांडा होता आणि वर काचेआड चार इंग्रजी अक्षरं, एन, डी, एल आणि आर. आजच्या गाड्यांत असतो तसला पी तिच्यात नव्हता. लग्नानंतर अप्पासाहेबांनी या दोघांना फुलांचं प्रदर्शन दाखवायला लालबागेत नेलं होतं, स्वतः चालवत. मागच्या सीटवर अवघडून बसलेल्या नव्या नवरीने धीर करून विचारलं, की ही अक्षरं कसली? अप्पासाहेब रंगात येऊन म्हणाले, एन म्हणजे न्हाई, डी म्हणजे दौड, एल म्हणजे लंगडी. आरपाशी येऊन अडले. आर म्हणजे मागे जायचं, पण लालबागेच्या दारात इंजिन बंद करून त्यांनी दांडा आरवर ओढला, तेव्हा गाडीच्या पोटात कट्ट झालं आणि ती उतारावर खिळ्यासारखी उभी राहिली. या गाड्यांची रीतच तशी. इंजिन बंद असताना आर टाकला की चाकं आतून अडकतात.

"मग आर म्हणजे राहा," अंबूबाई मागून म्हणाली.

"अगं, चालू इंजिनात तोच मागं नेतो की," परसू म्हणाला.

"चालू इंजिनात कोण राहतंय?"

अप्पासाहेब इतके हसले की डोळे पुसावे लागले. त्या दिवसापासून त्या घराण्यात आर म्हणजे राहा. हँडब्रेकची केबल कधीच गंजून तुटली. आर होता, म्हणून ती बदलायची कुणाला गरज वाटली नाही. एकदा अप्पासाहेबांच्या धाकट्या भावाने सिग्नलला चालू इंजिनातच राहा टाकला आणि गाडीने मागच्या शहाळ्यांच्या गाडीवर मुक्काम केला. ती गोष्ट चिकपेटेत पुढे कैक वर्षं सांगितली जायची. आता सांगणारेही उरले नव्हते.

जायचा दिवस उजाडला. परसूने धुतलेला सदरा घातला. अंबूबाईने गाडीच्या नाकाला हळदकुंकू लावलं.

अभिजीत शेजारी बसला, मोबाईल उघडून. परसूने दांडा दौडवर टाकला. गाडी शेडमधून बाहेर आली, गल्लीच्या तोंडाशी क्षणभर थबकली आणि रस्त्याला लागली. पहिल्यावरून दुसरा गिअर पडला तो परसूच्या पाठीला कळला. दुसऱ्यावरून तिसरा पडताना या गाड्या थोडा हिसका देतात, जन्मखोड आहे ती. आज तोही जेमतेम लागला. स्वल्प बरोबर बसलं होतं. परसूला वाटलं, आयुष्यात इतका नेमका हात आपला कधी पडला नव्हता, आणि त्याला एकदम भरून आलं.

लालबागेवरून जाताना त्याने दाराकडे पाहिलं. अभिजीत व्हिडिओ काढत होता.

"स्मूद चाललीय, काका."

"चालणारच की."

सिल्क बोर्डाच्या चौकात व्हायचं तेच झालं. पुढे बस, मागे बस, दोन्ही अंगांना स्कूटर. गाडी तसूतसूने सरकू लागली. ऑटोमॅटिकचं खरं मरण असल्या गर्दीत. तेल तापतं, पातळ होतं, पट्टे घसरायला लागतात. परसूने लंगडी टाकली. कपाळावर घाम आला तरी तो पुसायला त्याने हात उचलला नाही. कान सगळे खाली लागले होते. एखादा सूर चढतोय का, कुठे घरघर आहे का, जळका वास येतोय का. काही नाही. शेजारी एका नव्या कोऱ्या गाडीतला माणूस काच खाली करून कानडीत ओरडला, "अज्जा, गाडी सूपर!" परसूने मान हलवली. त्या माणसाने ही गाडी विकत घेऊन टाकावी, अगदी आत्ता, इथेच, असा एक वेडा विचार त्याच्या मनात येऊन गेला.

होसूर रोडवर रस्ता मोकळा झाला. चौथा पडला आणि गाडीने सुस्कारा सोडला. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांच्या पाट्या दिसू लागेपर्यंत ती एकदाही अडखळली नाही.

युनिटच्या आवारात गाडी थांबवून परसूने इंजिन बंद केलं आणि दांडा आरवर ओढला. कट्ट.

"एक नंबर, काका!" अभिजीतने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "खरंच. एकदाही थांबली नाही."

"न्हाई थांबली," परसू म्हणाला, आणि वाट पाहत बसून राहिला.

अभिजीत उतरला. दयानंद नावाचा तिथला सुपरवायझर पुढे आला. चाळिशीचा, नाकावर चष्मा, चिकोडीकडचा. परसूचं बोलणं ऐकताच त्याची कळी खुलली. "आपल्याकडचंच की अण्णा तुम्ही! या, चहा घ्या पहिलं." त्याने दोघांना आत नेलं. आत टेबलावर एक चकचकीत जाड तबकडी ठेवलेली होती. सगळीकडून भोकं पाडलेली. गिअरबॉक्सच्या जागी मोटर बसवायला ती लागणार होती. याच गाडीच्या मापाने कापलेली.

परसूने ती हातात घेतली. काम चांगलं होतं. कडा घासून गुळगुळीत केलेल्या होत्या.

"ही कधी केली?" त्याने विचारलं.

"झाली की. दिवाळीच्या आधीच मापं घेऊन गेलो न्हवं, तुमच्या शेडातनंच. तुम्ही गावाला गेला होता."

परसूने तबकडी होती तशी खाली ठेवली. मग तो अभिजीतकडे वळला.

"अभिजीतराव, तुम्ही बघू म्हणाला होता."

"हो?" अभिजीत म्हणाला. त्याला खरोखरच आठवत नव्हतं. चेहऱ्यावर लबाडी नव्हती, आणि परसूला तेच सर्वांत जास्त लागलं. लबाडी असती तर भांडता तरी आलं असतं. "कशाबद्दल, काका?"

"काही न्हाई," परसू म्हणाला.

पोरांनी गाडी लिफ्टवर घेतली. खाली तेलाची परात ठेवून एकाने पान्याला नळीचा तुकडा लावला आणि जोर द्यायला तो वाकला. परसू उठला.

"थांब. तो बोल्ट उलट्या आट्याचा न्हाई, पण रुसका हाय. मी खोलतो."

दयानंद म्हणाला, "अण्णा, तुम्ही कशाला? बसा की."

"बसवलाय मी. काढणार पण मीच."

दयानंदने पोराला बाजूला व्हायला सांगितलं. अभिजीत फोनवर बोलत लांब गेला. परसूने गाडीच्या पोटाखाली उभं राहून तेल सोडलं. ते कुंकवाच्या पाण्यासारखं लाल उतरलं, स्वच्छ, एक काळा कण नाही. दयानंदने त्यात बोट बुडवलं, वास घेतला आणि हळूच म्हणाला, "अय्यो. ह्याला काय झालं न्हवतं."

"न्हाई," परसू म्हणाला. "ह्याला काय झालं न्हवतं."

मग त्याने एकेक बोल्ट सोडवला. मागचा शाफ्ट उतरवला. शेवटी जॅक लावून पोरांनी गिअरबॉक्स खाली घेतला आणि ढकलगाडीवरून एका लाकडी फळीवर नेऊन ठेवला. एवढासा दिसत होता तो तिथे. आयुष्य घातलं त्यात, आणि दिसतोय केवढा, असं परसूच्या मनात आलं.

अभिजीत परतला. गिअरबॉक्सकडे पाहून त्याला काहीतरी बोलावंसं वाटलं असावं. "काका, हा तुम्ही घेऊन जा. तुमचाच आहे खरं तर. आठवण म्हणून."

"कुठं ठेवू?" परसूने विचारलं.

शेडची जागा पुढच्या महिन्यात बिल्डरच्या ताब्यात जायची होती. अभिजीतला ते आठवलं. दोन माणसांना उचलणार नाही असलं ओझं वठारातल्या दोन खोल्यांत कुठे मावणार होतं?

"राहू दे इथंच," परसू म्हणाला.

लिफ्ट दुसऱ्या गाडीला हवी होती. दयानंद म्हणाला, "अण्णा, तुम्ही स्टीअरिंगला बसा स्वल्प. पोरं ढकलतात. अंगणात लावू."

परसू बसला. पोरांनी ढकललं. गाडी मुकाट बाहेर आली, तिच्या पोटात कसला आवाज नाही, कसली धडधड नाही. आवाराची फरशी पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून फाटकाकडे उतरती केलेली होती. भिंतीजवळ जागा पाहून त्याने ब्रेक दाबला आणि गाडी उभी केली. पोरं निघून गेली. इतकी वर्षं हाताने जे केलं तेच आत्ताही केलं, दांडा आरवर ओढला, पायब्रेक सोडला आणि दार उघडून खाली उतरला.

कट्ट झालं नाही, हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं.

गाडी निघाली होती. घाई नाही, आवाज नाही, सकाळी फिरायला निघालेल्या म्हाताऱ्यासारखी ती फाटकाच्या दिशेने चालली होती. परसू धावला. पुढे जाऊन त्याने बॉनेटला पाठ लावली, टाचा फरशीत रोवल्या. चपला घसरल्या. "राहा," तो म्हणाला, मोठ्याने, लहान पोराला दटावावं तसं. "राहा गं, राहा."

दयानंद आणि पोरं ओरडत आली. सगळ्यांनी मिळून गाडी धरली. अभिजीत पांढराफटक पडला होता. "काका, लागलं का? हँडब्रेक का नाही लावला?"

परसूला दम लागला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं. भिंतीशी बांधकामातल्या विटा पडल्या होत्या. त्यातली एक त्याने उचलली, फुटकी नाही ना हे उलटून पाहिलं, आणि वाकून पुढच्या चाकाखाली सारली. पायाने ठोकून घट्ट केली. मग दुसरी आणली आणि पलीकडच्या चाकाला लावली. "सोडा आता," तो पोरांना म्हणाला. पोरांनी हात काढले. गाडी स्वल्प हलली आणि विटांना टेकून थांबली.

अभिजीतने त्याला घरी सोडायला टॅक्सी बोलावली. टॅक्सी होसूर रोडला लागली तेव्हा अंबूबाईचा फोन आला.

"काय झालं? राहिली का?"

परसूने खिडकीतून बाहेर पाहिलं. हाताला तेलाचा लाल डाग होता. तो त्याने सदऱ्याला पुसला नाही.

"राहिली," तो म्हणाला. "विटा लावून आलोय."